मोठा लाभांश, वर ‘कव्हर्ड कॉल’चे भाडे: शेअर निवडताना गल्लत कुठे होते?

शेअर डीमॅट खात्यात पडून आहे, लाभांशही मिळतो. मग दर महिन्याला त्याचाच कॉल ऑप्शन विकून प्रीमियम का घेऊ नये? ‘कव्हर्ड कॉल’ म्हणजे हेच. आपला शेअर ठरलेल्या भावाला, म्हणजे स्ट्राइकला, घेण्याचा हक्क दुसऱ्याला द्यायचा आणि त्याचे पैसे आधीच घ्यायचे.

रील्समध्ये याला ‘शेअरचे भाडे’ म्हणतात. उपमा छान, पण अर्धवट. भाडेकरू घर घेऊन जात नाही. इथे भाव स्ट्राइकच्या वर गेला की शेअरच जातो. समजा, शेअर ४०० रुपयांना घेतला आणि ४२० चा कॉल ५ रुपयांना विकला. भाव ४६० झाला तरी कमाई २५ रुपयेच. ३५० वर आला तर तोटा मात्र ४५ रुपये.

म्हणूनच सर्वाधिक लाभांशाची यादी काढून पहिले नाव उचलणे ही सर्वांत वाईट पद्धत. वेदांताने २०२२-२३ मध्ये शेअरमागे तब्बल १०१.५० रुपये लाभांश दिला. त्याच वर्षात शेअर ४०० च्या वरून ३०० च्या खाली आला. एका हाताने आले, दुसऱ्या हाताने गेले! शिवाय लाभांश बाजारभावाच्या २ टक्के किंवा जास्त असेल, तर एक्स्चेंज स्ट्राइकही तेवढीच खाली आणते. म्हणजे लाभांश हाती येतो, पण विक्रीचा ठरलेला भाव तितकाच घटतो. छोट्या लाभांशाचा हिशेब बाजाराने प्रीमियममध्ये आधीच धरलेला असतो.

पॉवर ग्रिडसारख्या तुलनेने संथ शेअरचा प्रीमियम किरकोळ वाटेल. पण जाड प्रीमियम मिळतो तो भाव जोरात हलण्याची भीती असते म्हणूनच. त्यामुळे पहिला प्रश्न लाभांशाचा नाहीच. स्ट्राइकच्या भावाला हा शेअर गेला तर चालेल का, हा आहे. वडिलांनी वीस वर्षांपूर्वी घेतलेले, घरात कोणालाच विकायचे नसलेले शेअर यासाठी वापरू नयेत.

दुसरी अडचण आकाराची. ऑप्शन मोजक्या शेअरवरच असतात आणि पूर्ण लॉट लागतो. एका लॉटची किंमत सहसा ५ लाखांच्या पुढेच असते. पन्नास शेअर असणाऱ्याला हा मार्ग नाही. ऑप्शनमध्ये रोजची उलाढाल नसेल, तर खरेदी-विक्रीच्या भावातील फरकच प्रीमियम खातो.

ऑक्टोबर २०१९ पासून शेअरच्या ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष शेअर द्यावे लागतात. मार्जिनसाठी तारण ठेवलेले शेअर वेळेत सोडवले नाहीत, तर लिलावाचा भुर्दंड. शेअर गेल्यावर भांडवली नफ्यावर कर, लाभांशावर आपल्या स्लॅबप्रमाणे कर. प्रीमियम तर व्यवसायाचे उत्पन्न धरले जाते, त्यामुळे पगारदारालाही साध्या विवरणपत्राऐवजी आयटीआर-३ भरावा लागतो. सीएची फी या ‘भाड्या’तूनच जाते.