बाळ पाय हलवीत नाही तेव्हा

घरात सव्वा महिन्याच्या आतले बाळ असते. सकाळी तेल लावून न्हाऊ घालताना आजीच्या लक्षात येते, की बाळ उजवा पाय नेहमीप्रमाणे झाडते, डावा मात्र स्थिर ठेवते. त्या पायाला हात लागताच किंचाळून रडते. लंगोट बदलतानाही तेच. अंगात ताप नसतो. काल मालीश करताना पाय मुरगळला असावा, असा निष्कर्ष निघतो. मालीशवालीला पुन्हा बोलावणे जाते, गरम तेलाने पाय चोळला जातो आणि दोन-तीन मोलाचे दिवस निघून जातात.

असा पाय मुरगळलेलाच असतो असे नाही. कधी कधी त्या हाडात किंवा सांध्यात पू साचत असतो. लंडनचे शल्यचिकित्सक थॉमस स्मिथ यांनी १८७४ मध्ये अर्भकांच्या या विकाराचे वर्णन केले. त्या काळी प्रतिजैविके नव्हती आणि अनेक बालके दगावत. आज उपचार आहेत. मात्र ते वेळेवर व्हावे लागतात.

नवजात अर्भकाची प्रतिकारशक्ती अपुरी असते. त्वचेतून, नाळेच्या जागेतून किंवा सलाइनसाठी टोचलेल्या सुईच्या जागेतून जंतू रक्तात शिरतात आणि लांब हाडांच्या टोकांशी स्थिरावतात. अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या आणि अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळांना हा धोका अधिक. मोठ्या मुलांत हाड व सांधा यांच्यामध्ये वाढीची कूर्चा आडभिंतीसारखी असते. साधारण पहिल्या वर्ष-दीड वर्षात मात्र तिच्यातून सूक्ष्म रक्तवाहिन्या आरपार जातात, म्हणून हाडातील संसर्ग सांध्यात सहज उतरतो. खुब्याचा सांधा सर्वांत नाजूक. तेथे पूचा दाब वाढला, की मांडीच्या हाडाच्या गोलाकार टोकाचा रक्तपुरवठा खुंटतो. ते टोक अद्याप कूर्चेचेच असल्याने थोड्या दिवसांत नष्ट होऊ शकते. मग खुबा निखळतो, पाय आखूड राहतो आणि मूल जन्मभर लंगडते.

या वयात ताप येईलच असा भरवसा नाही, म्हणून ताप नाही यावरून निश्चिंत होऊ नये. आधी हलणारा हात किंवा पाय बाळाने हलविणे थांबविणे, स्पर्श होताच रडणे, सांध्याजवळ सूज, दूध कमी पिणे, चिडचिड किंवा सुस्ती, यांपैकी अवयव न हलविणे हे एकच लक्षण दिसले तरी त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. तोपर्यंत तो अवयव चोळू नये, ओढू नये, शेकू नये. जन्मतःच हात न हलणे हे प्रसूतीच्या वेळी नसेला किंवा हाडाला झालेल्या इजेमुळेही असू शकते. तेही तज्ज्ञांनीच ठरवावे.

रुग्णालयात रक्ताची तपासणी व सोनोग्राफी होते. आरंभीच्या दिवसांत हाडाचा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो, म्हणून तेवढ्यावर विसंबता येत नाही. सांध्यात सुई घालून पाणी तपासावे लागते. पू आढळल्यास तो शस्त्रक्रियेने काढण्यास विलंब करू नये. इतक्या लहान जिवाला भूल देण्याच्या कल्पनेने घर हबकते, हे स्वाभाविक आहे. तथापि पू आत राहण्याचा धोका त्याहून मोठा असतो. नंतर प्रतिजैविके काही आठवडे चालतात. बाळ हसू-खेळू लागले म्हणून ती मध्येच थांबवू नयेत. वाढीच्या कूर्चेला झालेली इजा पुढे उघड होते, यास्तव मूल चालू लागल्यानंतरही काही वर्षे अस्थिरोगतज्ज्ञांकडे तपासणी करून घ्यावी.

निरोगी बाळाच्या मालिशीस कोणाची हरकत नाही. उलट, बाळाचा पाय थांबल्याचे आधी कळते ते न्हाऊ घालणाऱ्या हातांनाच. त्या हातांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि बाळाला तडक वैद्यांकडे नेण्यास सांगितले, तर पुढे ते मूल अंगणात दोन्ही पायांवर धावताना दिसेल.