थोरातांचे १९५९ साल

वसई विजयदिनाच्या निमित्ताने या आठवड्यात झालेल्या एका व्याख्यानात लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरातांचा विषय निघाला. वक्त्यांनी त्यांची पदके सांगितली: आराकानात कांगॉच्या लढाईतला १९४५ चा डीएसओ, कोरियातल्या युद्धकैद्यांच्या जबाबदारीनंतरचे कीर्तिचक्र. टाळ्या झाल्या. १९५९ साल मात्र आलेच नाही. सेनानीचे नाव चौकाला द्यायचे, छातीवरची पदके मोजायची आणि त्याचे म्हणणे वाचायचे नाही, या सवयीवर मी इथे वारंवार लिहीत आलो आहे.

त्या वर्षी थोरात लष्कराच्या पूर्व विभागाचे सेनापती होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी लेखी टिपणात बजावले की, मॅकमोहन रेषेवर तुटपुंज्या चौक्या विखरून चीनला अडवता येणार नाही. मुख्य फळी मागे, आपली रसद पोहोचेल आणि शत्रूची ताणली जाईल अशा जागी हवी. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ या सरावात त्यांनी हेच मांडून दाखवले. तेव्हाचे लष्करप्रमुख थिमय्या यांनी ते टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवले; मेनन यांनी ते उडवून लावले. लष्करप्रमुखपदासाठी थिमय्यांनी सुचवलेले नावही थोरातांचेच होते. १९६१ मध्ये नेमणूक थापर यांची झाली आणि थोरात निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी, २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला.

वसईकराने हे चिमाजीअप्पांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या वसई मोहिमेशेजारी ठेवून पाहावे. १७३७ मध्ये साष्टी हाती आली, पण वसईवरचे हल्ले फसले. तेव्हा किल्ल्यावर नुसती माणसे लोटत बसण्याऐवजी अप्पांनी त्याचे आधार तोडले. जानेवारी १७३९ मध्ये माहीम घेतले, तारापूर घेतले. तारापुरात मराठा सरदार बाजी भिवराव पडले. मग धारावी घेतली आणि शेवटी मे महिन्यात सुरुंगांनी तट फोडला. शत्रूच्या रसदीवर डाव उभारण्याचा विचार थोरातांच्या टिपणातही आहे. फरक वरच्या माणसांत होता. अप्पांमागे त्यांचे थोरले भाऊ, पेशवे बाजीराव होते; होळकर आणि शिंदे वसईला आले. थोरातांमागे थिमय्या होते, पण त्यांच्या वर ऐकून घेणारा मंत्री नव्हता.

म्हणून माझ्या लेखी त्यांचे सर्वांत मोठे शौर्य त्या टिपणात आहे. गोळीसमोर उभे राहणाऱ्याचा सन्मान करायची रीत आपल्याकडे आहे. मंत्र्याला न आवडणारे खरे बोलणाऱ्याचा सन्मान करायची नाही. पुढच्या विजयदिनी भाषणाऐवजी थोरातांचा तो इशारा मुलांना वाचून दाखवावा, शेजारी वसईच्या मोहिमेचा नकाशा लावून.