हप्ता घेतला, तर हिशेबही द्या

अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना हप्त्याच्या खर्चाची शिस्त लावली. वैयक्तिक आणि लहान गटांच्या पॉलिसींत कर वगळून उरलेल्या हप्त्याचे किमान ८० टक्के, मोठ्या गटांत ८५ टक्के उपचारांवर आणि सेवेचा दर्जा सुधारण्यावर खर्च झालेच पाहिजेत. जाहिराती, दलाली, पगार, नफा हे सारे उरलेल्या रकमेत बसवायचे.

खर्च कमी पडला, तर फरक ग्राहकाला परत.

वैयक्तिक पॉलिसींवर तीन वर्षांच्या सरासरीने ७६ टक्केच खर्च झाला, तर चार टक्के ३० सप्टेंबरपर्यंत परत करावे लागतात. २०१२ च्या पहिल्याच फेरीत सुमारे ११० कोटी डॉलर परत गेले.

नियमाला पळवाटा आहेत. उपचार महागले की हप्ता वाढतो आणि तेवढ्याच टक्क्यांत नफ्याची रक्कमही फुगते. विमा कंपनी आणि दवाखाने एकाच समूहाचे असतील, तर उपचारखर्च त्याच तिजोरीत जातो. तरीही ग्राहकाच्या हाती काही लागते, हे महत्त्वाचे.

भारतात विमा नियामक ‘इर्डाई’ने २०२३ मध्ये व्यवस्थापन खर्चावर मर्यादा घातली: सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकूण हप्त्याच्या ३० टक्के, केवळ आरोग्यविमा विकणाऱ्यांना ३५ टक्के. मात्र दाव्यांवर किमान किती खर्चावे, याचे असे बंधन नाही. परताव्याचीही सोय नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के जीएसटी हटवून सरकारने आपला वाटा सोडला. आता ‘इर्डाई’ने किमान दावाखर्च ठरवावा आणि तो न पाळणाऱ्यांना परतावा सक्तीचा करावा.