लहानशा बिजागरीचा भरंवसा



छोटें विमान म्हटलें कीं आपली दृष्टि प्रथम त्याच्या रंगाकडे, मग मोटारीकडे व शेवटीं किंमतीकडे जाते. पंखाच्या मागील कडेस हलणारी झडप कशाच्या आधारानें अडकविली आहे, हें पाहण्यास थांबणारा विरळाच. परंतु माझें स्पष्ट मत असें आहे कीं, रेडिओच्या साह्यानें उडणाऱ्या विमानांत मोटारीपेक्षांहि बिजागऱ्यांची निवड अधिक विचारानें झाली पाहिजे. मोटार बंद पडली तर विमान तरंगत खालीं उतरवितां येतें. बिजागरी निसटली तर तें कोठें व कोणावर पडेल, हें उडविणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं.

गतवर्षीं शाळेच्या मैदानावर हें मीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. दोन महिने खपून मुलांनीं बाल्साच्या लाकडाचें एक विमान सिद्ध केलें होतें. तिसऱ्या फेरीस उजव्या पंखाची झडप उपटून आली, विमान कुशीवर वळलें, आणि लहान मुलें बसलीं होतीं तेथून दहा पावलांवर आदळलें. कोणास इजा झाली नाहीं, ही देवाची कृपा. मोडतोड तपासतां आढळलें कीं, त्या झडपेच्या तीन बिजागऱ्यांपैकीं दोहोंस गोंद केवळ खांचेच्या तोंडाशींच लागला होता. बिजागरी चांगली होती. बसविणाराची घाई वाईट होती. आणि ती ओढून न पाहतां उड्डाणास परवानगी देणारा मी होतों.

या झडपांचें कार्य थोडक्यांत सांगतों. पंखांवरील एलेरॉन विमानास कुशीवर झुकवितात, शेपटावरील आडवा एलिव्हेटर नाक वरखालीं करतो, आणि उभें सुकाणू तें डावी-उजवीकडे फिरवितें. हीं सर्व दाराप्रमाणें बिजागरीवर फिरतात. मात्र दारावर असा वारा झोंबत नाहीं. विमानाचा वेग दुप्पट झाला कीं झडपेवरील वाऱ्याचा जोर चौपट होतो. सांधा ढिला असेल तर झडप फडफडूं लागते. या फडफडीस फ्लटर म्हणतात. ती क्षणार्धांत झडपच काय, पंखहि फाडूं शकते.

हा दोष खेळण्यापुरताच आहे, असें कोणीं समजूं नये. ता. १६ सप्टेंबर २०११ रोजीं अमेरिकेंतील रीनो येथें विमानांच्या शर्यतींत ‘गॅलपिंग घोस्ट’ नांवाचें पी-५१ जातीचें विमान कोसळून वैमानिकासह ११ माणसें मृत्यु पावलीं. चौकशीअंतीं ठरलें कीं, झिजलेल्या नटांमुळें एलिव्हेटरवरील एका लहान झडपेचे स्क्रू ढिले झाले व ती फडफडूं लागली. एवढें मोठें यंत्र. परंतु घात झाला तो मुठींत मावणाऱ्या वस्तूमुळें.

मग निवड कशी करावी? पहिला प्रश्न विमान कशाचें आहे, हा. बाल्साच्या लहान व मध्यम विमानास पातळ तंतुमय पट्टीची बिजागरी पुरते. ती पंखांत व झडपेंत समोरासमोर पाडलेल्या खांचांत अर्धी-अर्धी बसवून तिजवर फेव्हिक्विकच्या जातीचा अगदीं पातळ गोंद थेंब-थेंब सोडतात. दिव्याची वात तेल ओढते, त्याप्रमाणें ते तंतु गोंद आंत ओढून घेतात. गोंद जाड असला कीं तो तोंडाशींच थिजतो. आमच्या विमानाचें नेमकें तेंच झालें. मोठ्या व वेगवान विमानास धातूची खीळ असलेली नायलॉनची बिजागरी घ्यावी व ती इपॉक्सीनें बसवावी. इपॉक्सी सांध्यांत शिरूं नये म्हणून तेथें आधीं किंचित् व्हॅसलीन लावावें. थर्माकोलच्या विमानास फेव्हिक्विक लावूं नये, कारण तें थर्माकोलास खातें. तेथें चिकटपट्टीची बिजागरी चालते. परंतु उन्हानें तिचा गोंद ढिला पडूं शकतो, म्हणून ती वरचेवर बदलावी.

दुसरा प्रश्न संख्येचा. एका झडपेस निदान तीन बिजागऱ्या असाव्यात, म्हणजे एक निसटली तरी उरलेल्या दोन झडप धरून ठेवतात. तिन्ही एका सरळ रेषेंत हव्यात. एखादी वांकडी बसली तर झडप अडखळते, ती हलविणाऱ्या सर्व्होवर ताण पडतो व बॅटरी अकारण खर्ची पडते.

कित्येक पालक म्हणतात, “मास्तर, सर्वांत महाग असेल ती आणून देतों, मग तर झालें?” माझें नम्र उत्तर असें कीं, तेवढ्यानें होत नाहीं. बिजागरीचा भरंवसा दुकानांत विकत मिळत नाहीं. तो बसविणाराच्या हातून यावा लागतो. गोंद वाळल्यावर प्रत्येक बिजागरी बोटांनीं नेट लावून ओढून पाहावी, आणि प्रत्येक उड्डाणाच्या दिवशीं पुन्हां ओढावी. जी ओढल्यावर निघाली ती जमिनीवर निघाली, याबद्दल आनंद मानावा. तयार विकत आणलेल्या विमानासहि हाच नियम. दुसऱ्यानें लावलेल्या गोंदाची हमी आपण कोणत्या तोंडानें द्यावी?

पालकहो, मुलास विमान द्याल तेव्हां तें जोडण्यास पुरेसा अवकाशहि द्या, ‘केव्हां उडवितोस?’ असा तगादा लावूं नका. आणि मुलांनो, जेथें दुसऱ्यांचीं भावंडें बसलीं आहेत, त्या मैदानावर न तपासलेलें विमान सोडण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. तुमच्या शिक्षकासहि नाहीं. या वर्षापासून आमच्या मैदानावर उड्डाणापूर्वीं प्रत्येक बिजागरी दोघांनीं ओढून पाहावी असा नियम केला आहे: एकदां करणारानें व एकदां मीं.