विहिरीतली सवय स्कूबात घातक

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पुष्कळ मुले विहिरीतच पोहायला शिकतात. सूर मारायचा, दम धरायचा आणि तळाची माती घेऊन वर यायचे, ही त्यांची शर्यत. हल्ली सुट्टीत तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंग करता येते. उत्तर अमेरिकेच्या सरोवरांत थंड, गोड्या पाण्यामुळे टिकलेली बुडीत लाकडी जहाजे पाहण्याचे स्वप्नही कुणी बाळगील. हौस चांगली, पण दम धरण्याची सवय तेथे जिवावर बेतू शकते.

विहिरीत आपण वरची हवा घेऊन बुडतो. स्कूबात टाकीतली हवा खाली, पाण्याच्या दाबाखाली घेतो. सुमारे १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तेथे छाती भरून श्वास रोखला व वर आलो, तर ती हवा फुगून फुप्फुस फाटू शकते. म्हणून श्वास सतत चालू ठेवावा, सावकाश वर यावे. बुडालेल्या जहाजात सरळ वर येण्याची वाटच नसते. नवख्याने आत शिरू नये.

सर्दी, दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे लपवू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे. पट्टीच्या पोहणाऱ्यानेही येथे श्रीगणेशापासूनच शिकले पाहिजे.