परवान्याच्या परीक्षेचे पैसे कोण भरणार?

परदेश शिष्यवृत्तीची यादी जाहीर झाली की आपल्या वस्त्यांत अभिनंदनाचे फलक लागतात. लागायलाच हवेत. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, आणि त्यांच्या जोरावर घरातली पहिली पदवीधर पिढी थेट अमेरिका-इंग्लंडच्या विद्यापीठांत पोचते. पण शिष्यवृत्ती पदवीपाशी थांबते. काही व्यवसायांत पदवीनंतर आणखी एक दार असते. त्याचे पैसे शिष्यवृत्तीत धरलेले नसतात आणि निघताना त्याबद्दल कुणी सांगतही नाही. अमेरिकेत आर्किटेक्चर शिकायला जाणाऱ्यांसाठी ते दार म्हणजे परवान्याची परीक्षा. (आर्किटेक्चर म्हणजे वास्तुशास्त्र नव्हे. दार कोणत्या दिशेला असावे हे सांगून पैसे घेणाऱ्यांचा इथे काही संबंध नाही.)

आपल्याकडे अशी परीक्षाच नाही, म्हणून हा विषय डोक्यात येत नाही. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टनुसार मान्यताप्राप्त संस्थेतून पाच वर्षांची बी.आर्क. झाली की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी करायची आणि आर्किटेक्ट म्हणून पाटी लावायची. गाळणी लागते ती प्रवेशालाच, नाटा किंवा जेईईच्या रूपाने. अमेरिकेत तसे नाही. तिथे पदवी, ३,७४० तासांचा नोंदवलेला कामाचा अनुभव आणि एआरई ही सहा भागांची परीक्षा, हे सगळे झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. कार्यालयात दहा वर्षे नकाशे काढले तरी पद ‘डिझायनर’चेच राहते. शिक्षण सुरू केल्यापासून परवाना हातात पडेपर्यंत सरासरी १३ वर्षांच्या आसपास जातात, असे परीक्षा घेणाऱ्या एनकार्ब या संस्थेचीच आकडेवारी सांगते.

आता खर्चाचे बोलू. गेली काही वर्षे या परीक्षेच्या एका भागाचे शुल्क २३५ डॉलर राहिले आहे. सहा भागांचे १,४१० डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबात लाखाच्या वर. हे सगळे भाग पहिल्याच फटक्यात सुटले तर. नापास झालात तर ६० दिवस थांबायचे आणि पुन्हा पूर्ण २३५ भरायचे. एनकार्बकडचे खाते चालू ठेवायला दरवर्षी वेगळे पैसे. खासगी शिकवण्यांची मासिक वर्गणी त्यावर. ज्याच्या पगारातून दर महिन्याला गावी पैसे जातात, बहिणीचे शिक्षण चालते, त्याच्यासाठी हा खर्च ‘पुढच्या वर्षी बघू’ या खात्यात जातो. आमच्या ओळखीतली विदर्भातली एक मुलगी हे पुढचे वर्ष चार वर्षे पुढे ढकलत होती.

यात एक गोष्ट आम्हाला विशेष खटकते. अनेक कार्यालये परीक्षेचे शुल्क परत देतात, पण उत्तीर्ण झाल्यावर. वरवर पाहता व्यवहार चोख. प्रत्यक्षात ज्याच्याकडे आधी खिशातून भरायला पैसे आहेत आणि नापास झाल्यास ते सोडून द्यायची ऐपत आहे, त्यालाच ही सवलत लागू पडते. दोनदा नापास झालेल्याने ४७० डॉलर गमावलेले असतात आणि तिसऱ्यांदा बसायची हिंमतही. छोट्या कार्यालयांत तर तीही सोय नसते, आणि नव्याने आलेल्या परदेशी मुलांना पहिली नोकरी बहुधा छोट्या कार्यालयातच मिळते.

ही केवळ आपली रड नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांची लोकसंख्या १३ टक्क्यांच्या आसपास आणि परवानाधारक आर्किटेक्टमध्ये त्यांचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास. एनकार्बने वंशानुसार निकाल जाहीर करायला सुरुवात केली तेव्हा कृष्णवर्णीय उमेदवारांचे उत्तीर्णतेचे प्रमाण गोऱ्या उमेदवारांपेक्षा बरेच कमी असल्याचे उघड झाले. ‘गुणवत्ता’ हा शब्द पुढे करून विषय मिटवणारे तिकडेही आहेत. पण एनकार्बने नोमा या अल्पसंख्य आर्किटेक्टांच्या संघटनेला सोबत घेऊन सर्वेक्षण केले, त्यात परीक्षेचा खर्च आणि कार्यालयाकडून मिळणारी किंवा न मिळणारी मदत हे मुद्दे ठळकपणे आले. नोमा १९७१ मध्ये डेट्रॉईटला बारा कृष्णवर्णीय आर्किटेक्टांनी उभी केली. संस्थेत शिरून बसायचे आणि आकडे मागायचे, हे काम त्यांनी पन्नास वर्षे केले, तेव्हा कुठे आकडे बाहेर आले. आपल्याकडे कौन्सिलच्या नोंदवहीत अनुसूचित जातींचे आर्किटेक्ट किती, हा प्रश्न विचारणारी संघटना कोणती?

नॉर्मा स्क्लारेक यांचे उदाहरण आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे असे आहे. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथूनच त्यांनी १९५० मध्ये आर्किटेक्चरची पदवी घेतली. त्यानंतर १९ कार्यालयांनी त्यांना नोकरी नाकारली. कृष्णवर्णीय म्हणून की बाई म्हणून हेही कळले नाही. १९५४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कची परवाना परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पार केली आणि १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात परवाना मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या.

अलीकडे एक मोठा बदल झाला आहे आणि तो आपल्यापैकी अनेकांपर्यंत पोचलेला नाही. पूर्वी पहिला भाग उत्तीर्ण झाल्यापासून पाच वर्षांत सगळे भाग सोडवावे लागत. नाही जमले तर जुने उत्तीर्ण भाग बाद व्हायचे, पैसे आणि अभ्यास दोन्ही पाण्यात. बाळंतपण, आजारपण, नोकरी जाणे, यातले काहीही या घड्याळाला कळत नसे. एप्रिल २०२३ अखेर एनकार्बने हा नियम काढून टाकला. आता उत्तीर्ण भाग परीक्षेच्या त्या आवृत्तीत आणि पुढच्या आवृत्तीत ग्राह्य राहतो, आणि घड्याळामुळे बाद झालेले अनेकांचे जुने भागही पुन्हा जिवंत झाले. ज्यांनी मधेच सोडून दिले होते त्यांनी आपले खाते एकदा उघडून पाहावे. अर्थात काही राज्यांचे स्वतःचे नियम असतात, तेही तपासावेत.

बजेट तुटपुंजे असेल तर या बदलाचा सरळ उपयोग असा: सहाही भागांचे पैसे एकदम गोळा करायची गरज उरलेली नाही. दर चार महिन्यांनी एक भाग, असेही चालते. आमचा सल्ला क्रमाबद्दल आहे. प्रॅक्टिस मॅनेजमेंट, प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि कन्स्ट्रक्शन अँड इव्हॅल्युएशन या तीन भागांत करार, जबाबदाऱ्या, बिले यांचा अभ्यास बराच सामाईक आहे. ते पाठोपाठ द्यावेत. प्रोजेक्ट प्लॅनिंग अँड डिझाइन आणि प्रोजेक्ट डेव्हलपमेंट अँड डॉक्युमेंटेशन हे मोठे भाग एकमेकांना लागून ठेवावेत. एका अभ्यासात दोन-तीन परीक्षा निघाल्या तर शिकवणीची वर्गणीही निम्मे महिनेच भरावी लागते.

शिकवणी लावण्याआधी फुकट मिळते ते संपवावे. एनकार्ब प्रत्येक भागाची पूर्ण सराव परीक्षा खातेदारांना मोफत देते. ती वेळ लावून, एका बैठकीत सोडवावी आणि तिच्यात बरे गुण येईपर्यंत २३५ डॉलर भरू नयेत. इंटरनॅशनल बिल्डिंग कोड ऑनलाइन फुकट वाचता येतो. अपंगांच्या सोयीसुविधांचे एडीए मानक सरकारी संकेतस्थळावर आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या ए२०१ आणि बी१०१ या करारांचे नमुने मिळतात, आणि आमच्या मते या दोन दस्तऐवजांची पारायणे कुठल्याही महागड्या व्हिडिओपेक्षा जास्त गुण देतात. फ्रान्सिस चिंग यांचे बांधकामावरचे सचित्र पुस्तक सार्वजनिक ग्रंथालयात असते, नसेल तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देतात. याच इन्स्टिट्यूटची जेसन पेटिग्रू यांच्या नावाची शिष्यवृत्ती खास एआरईच्या खर्चासाठी आहे.

निघण्याआधीच करायची एक तपासणी मात्र सगळ्यात महत्त्वाची. अमेरिकेत एनएएबी ही संस्था आर्किटेक्चरच्या पदव्यांना मान्यता देते. आपली बी.आर्क. त्या मान्यतेत बसत नाही. तिथली सगळीच मास्टर्सही बसत नाहीत, एम.एस. किंवा ‘पोस्ट-प्रोफेशनल’ अभ्यासक्रम बहुधा त्याबाहेरचे. नावाजलेल्या विद्यापीठाची दोन वर्षांची पदवी घेऊन परवान्याच्या दारात गेल्यावर ही पदवी चालत नाही, इथली जुनी पदवी वेगळे पैसे भरून तपासून घ्या, असे ऐकावे लागते. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांत जास्तीच्या अनुभवावर वाट निघते, पण ती लांबची. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आपण जागतिक क्रमवारी बघतो, कारण शासन तीच बघते. मान्यतेचा रकाना त्या अर्जात नाही.

समाज म्हणून काय करता येईल, यावर आम्ही काही परिचितांशी बोललो. अमेरिकेतले आपले लोक भीमजयंतीला एकत्र येतात, वर्गणी काढतात. त्यातून १,४१० डॉलरचा एक फिरता निधी बाजूला ठेवता येईल. उमेदवाराला एका वेळी एका भागाचे २३५ डॉलर द्यायचे. उत्तीर्ण झाल्यावर कार्यालयाने परत दिले की त्याने ते निधीत भरायचे. कार्यालय देत नसेल तर हप्त्याने. नापास झाला तर दुसऱ्या प्रयत्नाचे पैसेही निधीने द्यायचे, कारण खरी गरज तिथेच असते. विदर्भातल्या त्या मुलीला गेल्या हिवाळ्यात तीन मैत्रिणींनी मिळून पहिल्या भागाचे पैसे दिले. तो सुटला. दुसऱ्यात ती नापास झाली आहे, साठ दिवस पुढच्या महिन्यात संपतात, आणि तिघींनी पुन्हा पैसे जमवले आहेत.