पट्ट्यातली बोली

विज्ञानकथा मालिकांतल्या रचलेल्या भाषांचं मराठीत काय करायचं, यावर सोपं उत्तर तयार असतं: तशाच ठेवा, खाली अर्थाची ओळ टाका. ‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉनला ते चालून जातं. मार्क ओक्रँड यांनी १९८५ मध्ये तिचा शब्दकोश काढला खरा, पण ती घडवली होती मुद्दाम परग्रहावरची वाटेल अशी. ‘द एक्स्पान्स’ (२०१५ ते २०२२) मधल्या बेल्टर बोलीची गोष्ट वेगळी. लघुग्रहांच्या पट्ट्यात राबायला पृथ्वीवरून ठिकठिकाणची माणसं गेली, त्यांच्या भाषा कामाच्या जागी एकमेकींत मिसळल्या, अशी तिची कल्पना. निक फार्मर या भाषातज्ज्ञाने ती बांधली. अंतराळपोशाखात एकमेकांना दिसावेत म्हणून केलेले मोठे हातवारेही तिच्यात आले. पृथ्वी-मंगळाच्या साहेबांना ती अडाण्यांची वाटते, पट्ट्यातल्यांना आपली. ही तेढ मराठीत उतरली नाही, तर नुसत्या शब्दार्थाने काही साधत नाही.

तशीच ठेवावी म्हटलं, तर ‘बेल्टालोवडा’ या ‘आपण पट्ट्यातले’ अशा अभिमानाच्या शब्दाचं शेपूट मराठी कानाला चक्क शिवी वाटतं; ऐन भाषणात प्रेक्षक फिदीफिदी हसतील. ‘बेल्टर’चं शब्दशः ‘पट्टेवाला’ केलं, तर कचेरीतला शिपाई उभा राहतो. प्रमाण मराठीत सारं सपाट केलं, तर साहेब आणि मजूर एकाच तोंडाने बोलू लागतात. मग आपलाच पट्टा का पाहू नये? पुण्याजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, रहाटणीपासून चाकणपर्यंत, लातूरचा, जळगावचा आणि बिहारचा गडी शेजारशेजारच्या खोल्यांत राहतो, कंपनीत एकाच लाईनवर उभा राहतो. ‘सुपरवायझर बोलला, आज ओटी मारायची, लाईन नाय सोडायची.’ इथे ‘म्हणाला’चं ‘बोलला’ झालंय, आणि ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, ‘करायची’ नसून ‘मारायची’ आहे. सदाशिव पेठ याला अशुद्ध म्हणेल. म्हणू दे, साहेबाच्या कपाळावरची तीच आठी तर मालिकेत हवी आहे.

मजुरांच्या तोंडी बोली घातली की तिची थट्टा होते, हा आक्षेप खोटा नाही. मोलकरणीला आणि हवालदाराला गावरान बोलायला लावून हशा वसूल करायची खोड आपल्या नाटक-सिनेमांना जुनी आहे. म्हणूनच अहिराणी किंवा वऱ्हाडी उचलू नये; त्यात एका मुलखाचा अपमान होईल. कारखान्यातलं हे मिश्रण कुठल्याच जिल्ह्याच्या मालकीचं नाही, आणि बेल्टरही तशीच आहे. शिवाय मालिकेत ती विनोदापुरती येत नाही. पट्ट्यातली कॅमिना ड्रमर या बोलीच्याच ढंगात हुकूम सोडते, तेव्हा कुणाची हसायची हिंमत होत नाही. मराठीतही तो हुकूम असाच उतरायला हवा. अनुवादकाने शब्दकोश घरी ठेवून आधी आठवडाभर चाकणच्या कंपनीच्या बसमधून प्रवास करावा, शक्यतो सेकंड शिफ्ट सुटल्यावर.